‘घेणार नाही’

माझ्या चिमणे,

माझं प्रत्येक पत्र तू न फोडता परत पाठवतेस. पाकिटावर लिहितेस, ‘घेणार नाही’. पण त्यातल्या ‘ही’ची वेलांटी काय डौलदार काढतेस गं! याच वळणासाठी मी, प्रमाणपत्रांवर नावं लिहिणारा तुझा बाप, तुझ्या बोटांवर पट्टी मारायचो. चुकलंच माझं.

आज खरं सांगतो. त्या पाकिटांत मी कोरे कागद घालायचो. मला फक्त तुझं अक्षर बघायचं असायचं. अकरा पाकिटं टेबलावर मांडून ठेवली आहेत.

परवा बारावं आलं. त्यावर पोस्टाचा नुसता शिक्का: ‘या पत्त्यावर कोणी राहत नाही’.

म्हणून पहिल्यांदाच कागद भरलाय. आता पाकिटावर काय लिहू?

अक्षर थरथरलंय, हसू नकोस.

तुझे बाबा