तांबडा पट्टा

२६ मे
पडकई झाली. उतार फोडून तीन नवी भातखाचरं, दीड दिवसात. पाच घरांची माणसं घेऊन हातानं केली असती तर दोन उन्हाळे गेले असते. नामा, माझा धाकटा, सकाळपासून मशीनपुढं उभा. त्याचं घर बरोबर खाली. "दादा, तांबड्या पट्ट्याला हात लावू नको. बानं बी सोडला व्हता." मशीनवाला म्हणाला, हितंच मऊ हाय, लवकर निघतंय. पट्ट्यावरचे हिरडे आडवे केले. नामा हलेना. फावड्याचा दांडा तोंडावर हाणला. दात पडला. रक्त बघून बरं वाटलं, खोटं कशाला लिहू.

९ जुलै
चार दिवस धो धो. भीमाशंकरचा डोंगर दिसलाच नाही. वर काळा कातळ, खाली काळा कातळ, मध्ये तांबडी माती. वरून मुरलेलं पाणी तिथं थांबतं, आणि माती भिजली की शेणासारखी सरकते. लहानपणापासून ठाऊक. ठाऊक असून केलं. वरच्या खाचरामागं भेग पडली आहे, चार बोटं. नामाच्या दारातला झरा तांबडा वाहतोय.

१० जुलै
भेगेत हात कोपरापर्यंत गेला. तसाच नामाकडे. उंबऱ्यात उभा राहिला, आत ये म्हणाला नाही.
"घर सोड. पाऊस सरंपर्यंत माझ्याकडं ऱ्हा."
"मी बोललो तवा दांडा घातलास. आता मी न्हाई ऐकत."
पडक्या दातातून शब्द फसफसत होते. सखू, त्याची बायको, मागून म्हणाली, "जाऊ या की ओ." तिच्यावर खेकसला. त्याचा गळा धरावा, नाहीतर माझा...

११ जुलै
सकाळी झरा बंद. एवढ्या पावसात थेंब नाही. म्हणजे पाणी आत साठतंय. पहार घेतली, गेलो, कुणाला विचारलं नाही. पाठभिंत फोडली, आढं खाली आणलं. नामा अंगावर आला, मनगटाला कडकडून चावला. केसाला धरून चिखलातून फरफटत ओढ्यापलीकडं नेला. सखू बैल सोडून मागून आली. नामा थुंकला. "डोंगरानं न्हाई पाडलं. तू पाडलंस."

१४ जुलै
पाऊस उघडला. डोंगर जागच्या जागी. ती दोघं देवळाच्या पडवीत. पोलीस पाटील दोनदा येऊन गेले. वाडी म्हणते, लई माजलाय. खरंच आहे. मी मात्र दिवसभर भेगेकडं बघत बसतो. ये म्हणावं एकदाचा खाली. खाचरं गेली तरी चालतील, मला खरा ठरव. असलं मागणारा मी कसला थोरला भाऊ. लाज वाटते, तरी मागतोच.

१८ जुलै
भेग वीतभर रुंद झाली. नामानं भिंत परत बांधायला घेतली, तिथंच, तीच. पडकईच्या रीतीनं: घरटी एक माणूस, पाळीपाळीनं. बोलावणं आलं की जायचं, भांडण असलं तरी. आमच्या वाडीत ती रीत कुणी मोडली नव्हती. मशीन आणून मीच पहिला.
दुपारी सखू दारात. "उद्या तुमची पाळी. पहार घिऊन यायला सांगितलंय."
"भेग बघितलीस का?"
"बघितली. त्यांनी बी बघितली."
आमची ही म्हणते, जाऊ नका. पश्चिमेला परत काळं झालंय. पहार दाराशी काढून ठेवली, टोकाला त्याच्या भिंतीची माती तशीच आहे. जाणार. बांधायला की परत पाडायला, ते मात्र अजून ठरत नाही.