रुसूबाईचा तुकडा

सोमवार, ९ ऑक्टोबर

प्रिय तिरशिंगराव,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळं ठीक. मग पत्र कशाला, असं तू म्हणणारच. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, तुला नेमका तेव्हाच दुसरा फोन येतो, म्हणून. बाबांचा खोकला कमी आहे, गाजरं बरी आलीत, म्हातारी गाय अजून लाथा झाडते. तुझ्या बायकोची पाठ कशी आहे? तिला म्हणावं ओझी उचलू नकोस, नवऱ्याला उचलायला लाव.

येत्या रविवारी शाळेत शेतराखणीची, म्हणजे शेतं शेतंच ठेवायच्या योजनेची, सभा आहे. मागे सांगितलं तर तू "बघू" म्हणालास, म्हणून पुन्हा सांगते. ज्याने त्याने आपल्या खुशीने नाव द्यायचं, जबरदस्ती कुणावरच नाही. नाव दिलं की दहा वर्षं त्या जमिनीवर घरं-गोदामं बांधायची नाहीत, आणि आपल्याला विचारल्याशिवाय त्यातून रस्ताही कुणी काढणार नाही. अट एकच. शेतं एकमेकांना लागून हवीत, मध्ये फट नको. आणि मध्ये कोण? आपणच की! एका अंगाला दूधवाला, दुसऱ्या अंगाला रोपवाटिकेच्या वहिनी. आपण नाही म्हटलं तर तेही बाद. जमीन आपल्या दोघांच्या नावावर, म्हणून दोघांनी नावं लिहून घेणाऱ्या मास्तरांसमोर उभं राहून हो म्हणायचं. मास्तर रोज विचारतात, "भाऊ येणार ना?" मी म्हणते, "येणार म्हणजे काय, येणारच!" आणि घरी येऊन घटाघटा पाणी पिते.

गेल्या आठवड्यात गाजरांच्या वाफ्यात लाल रंगाच्या खुंट्या दिसल्या. कुणी ठोकल्या, कधी ठोकल्या, देव जाणे. मी उपटल्या आणि घातल्या चुलीत. दुसऱ्या दिवशी त्याच जागी नव्या! बाबा खिडकीतून म्हणाले, "वाटाण्याला आधार लावलास होय? फार लवकर लावलास." मी हो म्हटलं. हसू नकोस. मलाही आधी हसूच आलं, मग कळलं, कुणीतरी आपली जमीन मोजतंय.

काल एक माणूस आला. कडक इस्त्रीचा शर्ट, बोलणं मधाळ. स्वयंपाकघरात खुर्ची ओढून बसला, पाणी मागितलं. म्हणाला, "आपली जमीन उत्तम आहे." मला वाटलं अदबीने बोलतोय, आपली म्हणजे तुमची. मीही बसा, घ्या, करत राहिले. मग म्हणतो, "आपली विहीर तेवढी बुजवावी लागेल." तेव्हा मी चमकले. अरे, अदबीने कुणी दुसऱ्याची विहीर बुजवतं का?

उठता उठता त्याने खिडकीतून बोट दाखवलं. "आणि तो रुसूबाईचा तुकडा, तिथून रस्ता काढू."

रुसूबाई! काहीही पेरा, उगवायचं नाव नाही, म्हणून त्या कोपऱ्याला लहानपणी आपण दोघांनीच ठेवलेलं नाव. बाबांनाही ठाऊक नाही. मी जन्मात कुणाला सांगितलेलं नाही. नकाशात असली नावं नसतात, एवढं मलाही कळतं.

  तो गेला तरी मी रिकामा पेला हातात धरून उभी.

तेव्हापासून फाटक वाजलं की मी आधी खिडकीतून बघते. बाबांना एकटं ठेवून गोठ्यात जायची हिंमत होत नाही. दूधवाला म्हणतो, पोलिसांत जाऊ, खुंट्या कोण ठोकतंय ते शोधून काढतील. मी त्याला थांबवलं. शोधून काढलं तर?

जमीन गेली तर रडेन. खूप रडेन, आणि मग बाजारातून गाजरं आणायला शिकेन. पण काल संध्याकाळी तुझा फोन आला, तुझं नाव दिसलं, आणि मला तो उचलवेना. वाजून वाजून थांबेपर्यंत बाबांचा हात घट्ट धरून बसले. "कोण होतं गं?" बाबांनी विचारलं.

"राँग नंबर," मी म्हटलं.

रविवारी ये. नाही म्हणायचं असेल तर नाही म्हण, पण मास्तरांसमोर म्हण, माझ्याकडे बघून म्हण. आणि काही झालं तरी एकटा ये.

कधी नव्हे ती तुला घाबरलेली,
ताई