मागच्या बाजूला चंद्रोदय

१ डिसेंबर, सोमवार
माझ्या बायकोच्या, कालिंदीच्या उकडीच्या मोदकांना आख्ख्या लालबागमध्ये तोड नाही, तरी दर संकष्टीला अकराच घरं. कमी आहे ती मार्केटिंगची. मार्केटिंग म्हणजे मी.

समोरच्या मिठाईच्या दुकानवाल्या हितेंद्रने पॅम्प्लेट वाटलंय. पाठीमागे आरती. लोकांनी दारांना चिकटवलंय! माझीच आयडिया. बोललो नव्हतो इतकंच.

बायको म्हणते, या रविवारच्या संकष्टीला पन्नास ऑर्डरी आल्या नाहीत तर पुढच्या महिन्यापासून मोदक हितेंद्रच्या दुकानाला देणार. त्याने विचारलंय म्हणे. कधी विचारलं? दुपारी, मी झोपलो असताना. बघा माणूस!

२ डिसेंबर, सकाळी ११
आरती काय, सगळ्यांना पाठच असते. मी पाठीमागे वर्षभराच्या संकष्टीच्या चंद्रोदयाच्या वेळा छापणार. कॅलेंडरवरून उतरवल्यादेखील. कालिंदी म्हणाली, चष्मा लावा, नाहीतर मला दाखवा. म्हटलं, तू उकड बघ.

४ डिसेंबर
वाटप स्वतः करतोय. पहिल्या मजल्यावर बकुळामावशींनी चहा पाजला, गुडघे दाखवले. चाळीस मिनिटांत एक पॅम्प्लेट. बाकी प्रत्येक दारात एकच प्रश्न: हितेंद्रकडचे का? डोकंच फिरलं. एका दारावर त्याच्या आरतीवर माझा कागद चिकटला. चुकून. मग आणखी तीन दारांवर चुकून.

५ डिसेंबर
त्रेपन्न ऑर्डरी! चंद्रोदय चालला. हितेंद्र दुकानातून हसला. जळतोय मेला, दुसरं काय. मला त्याच्याबद्दल काहीच वाटत नाही. त्याचा नवा बोर्ड मात्र फारच भडक आहे.

७ डिसेंबर, संकष्टी
मोदक वेळेत पोचले. चाळीने माझा कागद बघून आरत्या केल्या, पानं वाढली, जेवली. मी गॅलरीत उभा. चंद्र नाही. म्हटलं, ढग असतील. ढग नव्हते.

८ डिसेंबर
छपाई फार बारीक असते कॅलेंडरची. मुंबईची ओळ सोडून नागपूरची उतरवली गेली. तिकडे चंद्र वीस-पंचवीस मिनिटं आधी उगवतो. यात माझा काय दोष?

बकुळामावशी दारात आल्या. ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, "एकतीस वर्षं धरलेली संकष्टी रे माझी. तुझ्या कागदाने मोडली."

मी भूगोल समजावत होतो. कालिंदीने मला आत जायला सांगितलं आणि ती मावशींबरोबर खाली गेली. तासाभराने आली, डोळे लाल.

१० डिसेंबर
कालिंदी हितेंद्रला हो म्हणाली. पन्नासच्या वर तीन ऑर्डरी आल्या होत्या, याची आठवण करून दिली. ती मोदकपात्र उचलून दुकानात गेली. आता दुपारभर तिकडेच असते. मी झोपत नाही हल्ली दुपारी. खिडकीतून दुकान दिसतं.

२६ डिसेंबर
हितेंद्रला वाटपासाठी अनुभवी माणूस हवा होता. शेवटी आला माझ्याकडेच. कालिंदीने शब्द टाकला वगैरे अफवा आहेत.

आज सुरुवात केली. बकुळामावशींनी मला बघून दार लोटलं. मग कागद बघून उघडलं. "कालिंदीचे मोदक का? मग दे," म्हणाल्या.

कागदावर सगळ्यात वर, ठळक अक्षरात, 'कालिंदीचे मोदक'. दुकानाचं नाव खाली, बारीक. आमच्या पॅम्प्लेटवर तिचं नाव घालायचं राहूनच गेलं होतं. माझा फोटो होता ना, जागाच उरली नाही.