सत्तावीस चिंचोके

१२ जानेवारी १९८४, वेस्ट मांबलम. संध्याकाळ.

आजही हे पहाटे देवळात जाऊन सत्तावीस प्रदक्षिणा घालून आले. घामाघूम, आणि वर खूश! दोन वर्षं मी कानीकपाळी ओरडतेय, "अहो, साखर वाढलीय, डॉक्टर चालायला सांगतायत." तेव्हा यांचे गुडघे दुखायचे. वसंता सून होऊन आली त्याला चार महिनेसुद्धा झाले नाहीत. ती यांना म्हणाली, "मामा, तुमच्यासाठी मी मारुतीला नवस बोललेय. मोडू नका हं." आणि हातात सत्तावीस चिंचोके दिले, दर फेरीला एक कट्ट्यावर ठेवायला. झालं! गुडघे गप्प.

मला का नाही हे सुचलं? मी बसले डॉक्टरांचं नाव घेत.

चालतायत ते बरंच आहे. बरंच आहे, पण आज कॉफी पिताना तिला म्हणतात, "तुझ्यामुळे गं हे सगळं." आणि मी समोर बसलेली!

ते चिंचोके रोज तीच मोजून यांच्या सदऱ्याच्या खिशात ठेवते. आत्ताच मी जाऊन त्यात हळूच आणखी एक टाकून आले.

उद्याची अठ्ठाविसावी फेरी माझी.