पिठाचे राक्षस

माय, तू राक्षस फार छान करायचीस हे आधी कबूल करून टाकते, म्हणजे पुढचं बोलायला मी मोकळी. दुपारची जेवणं उरकली, चुलीत नुसता आर राहिला, की परातीत उरलेल्या कणकेचा तू गोळा करायचीस आणि सोनाळ्याच्या आपल्या त्या स्वयंपाकघरात बघता बघता राक्षस उभा राहायचा. कधी त्याचे पाय उलटे, कधी पाठीवर तोंड, कधी पोटात विहीर. डोळ्यांना तुरीचे दाणे. राहायला तो कायम सातपुड्यात, म्हणजे आपल्या मागच्या दारातून दिसायच्या त्याच डोंगरात. सारवलेल्या जमिनीवर तू कोळशानं घरं आखायचीस, शेवटच्या घरात त्याला बसवायचीस आणि त्याच्यापुढे सरकीची ढिगुली ठेवायचीस. ती सरकी म्हणजे त्याचा जीव. आमचा जीव म्हणजे फुटक्या बांगड्यांचे तुकडे. घरं ओलांडत त्याच्यावर कुठल्या बाजूनं जायचं ते आपण सांगायचं आणि चिंचोके फोडून केलेल्या फाका टाकायच्या. पांढऱ्या बाजू जास्त वर आल्या की त्याची सरकी उचलायची, काळ्या आल्या की आपली काच द्यायची. जिंकेल त्यानं राक्षस आरात भाजून, तेल-मीठ लावून खायचा. असा खेळ गावात दुसऱ्या कुणाच्या घरी नव्हता. तो तुझ्या डोक्यातून निघाला होता, त्यामुळे त्याचा जाब दुसऱ्या कुणाला विचारायची सोय नाही.

शेजारची काकू एकदा दारात टेकून बघत होती. तिनं विचारलं, राक्षसात किती जीव घालायचा हे तुला कसं कळतं? तू हात पुसत म्हणालीस, "राक्षस मानूस पाहून करा लागते. लई भारी झाला तं पोट्टं उठून जाते. लई हलका झाला तं पेंगते." काकू हसली. मलाही तेव्हा तू फार हुशार वाटलीस. माणूस पाहायची तुझी नजर खरंच पक्की होती. फक्त एकदा पाहिलेलं माणूस तू पुन्हा कधी पाहिलं नाहीस, त्याचं काय करायचं?

त्या दिवशीचं सांगते. शाळेच्या भिंतीवर गुरुजींनी नव्या राज्याचा नकाशा नुकताच लावला होता, मी सातवीत होते आणि धाकटा माझ्याहून दोन इयत्ता मागे. नेहमीप्रमाणे राक्षस दोन, त्याचा त्याच्यापुढे, माझा माझ्यापुढे. माझं लक्ष ढिगुल्यांकडे गेलं. त्याच्या राक्षसापुढे चिमूटभर सरकी, माझ्या राक्षसापुढे ओंजळभर.

"माय, त्याच्यापुढं सरकी कमी काऊन?"

"त्याले नाई झेपत. हारला का जेवत नाई तो," तू चुलीकडे तोंड करूनच बोललीस. "तुले झेपते."

मी फुगून खेळायला बसले आणि ईर्ष्येनं खेळले. माझा राक्षस उलट्या पायांचा होता. टाचा दिसतात ती मागची बाजू समजून गेलं तर तो आपल्याला समोरून येताना बघतो, हे माझ्या ध्यानात आलं. मग मी पायाच्या बोटांकडून गेले, म्हणजे त्याच्या पाठीवर, आणि फाकाही अशा पडत गेल्या की ढिगुली सरत आली. शेवटची सरकी उचलायला मी हात पुढे केला आणि तू म्हणालीस, "थांब. याले आता दुसरा जीव फुटला." आणि डब्यातून आणखी मूठभर सरकी त्याच्यापुढे ओतलीस. माय, ती मूठ मला अजून दिसते. मी हुशारीनं खेळले म्हणून तू माझा राक्षस वाढवलास! धाकट्याची काच संपत आली की तुला हटकून ऐकू यायचं की त्याच्या राक्षसाला खोकला झालाय, आता तो फार टिकत नाही. मला कधी खोकलणारा राक्षस मिळाला नाही.

धाकट्यावर माझा राग नाही. तो त्या दिवशी आपल्या सगळ्या काचा सदऱ्याच्या ओच्यात घेऊन माझ्या शेजारी येऊन बसला. "मी ताईकून खेळतो," म्हणाला. तू त्याला दंडाला धरून उठवलंस. "आपापला राक्षस आपापल्या पुढं." तो गेला, जिंकला, भाजलेला राक्षस मिटक्या मारत खायला लागला. त्याचा एक पाय मोडून त्यानं माझ्यापुढे धरला, तर तू म्हणालीस, "खाय तूच, तुहा हाये तो." मी हरले, खरकटी भांडी घेऊन परसात गेले, राख घेतली आणि तवा असा घासला की कडेनं चकाकला. तू बाहेर येऊन तवा पाहिलास आणि खूश झालीस. मला तेव्हा तो तवा फेकून मारावासा वाटला होता, हे आज सांगते.

मग गुरुजी घरी आले. मला पुढे जळगावला शाळेत घाला म्हणाले, पोरगी हुशार आहे. बाबा ओसरीवर सुपारी कातरत राहिले, त्यांचं बोलणं नेहमी तूच बोलायचीस. तू गुरुजींना चहा दिलास आणि म्हणालीस, "पोट्ट्याले घरचं-वावरातलं काईच झेपत नाई, त्याले शाळा तरी शिकू द्या. इले घरचं झेपते, वावर बी झेपते." मी दाराआड उभी होते. शाळा मला झेपते हेच तर सांगायला गुरुजी आले होते, आणि मला काय काय झेपतं याच्या तुझ्या बोलण्यात शाळेचं नाव नव्हतं. गुरुजी चहा पिऊन गेले. मी सरकी निवडायला बसले.

वडनेरचं स्थळ आलं तेव्हा काकूनं तुला सांगितलं होतं की सासू फार कडक आहे. तू म्हणालीस, "इले झेपन." तुला लकवा झाला तेव्हा धाकटा येऊन उशाशी रडला आणि त्याच्यानं बघवत नाही म्हणून नोकरीच्या गावी परत गेला. मी माझं चालतं घर सोडून तू जाईपर्यंत तुझ्या अंथरुणाशी राहिले. येणाऱ्या प्रत्येक बाईला तू वाकड्या ओठांनी तेच सांगायचीस, इले झेपते, आणि बाया माना डोलवायच्या. कौतुक होतं ते, मला कळायचं. अशा कौतुकाला आग लागो.

हे सगळं आता उकरून काढायचं कारण माझी नात. पुण्याला असते. तिच्या मित्रमैत्रिणी टेबलाभोवती बसून गोष्टीतला खेळ खेळतात, खूप बाजूंचे फासे टाकतात, आणि राक्षस ही पोरगी स्वतः रचते. परवा कपाळाला हात लावून बसली होती. राक्षस जड झाला तर सगळे मरतील, हलका झाला तर मजा नाही, काय करू म्हणाली. मी तुझं वाक्य तिला ऐकवलं, अगदी तुझ्या आवाजात, आणि मग तुझा खेळही सांगितला. तिला सरकी आवडली, काचा आवडल्या, भाजून खाणं तर फारच आवडलं. मग ती म्हणाली, "पण आजी, दोन राक्षस कशाला? आम्ही सगळे मिळून एकाशी लढतो. ज्याला जमत नाही त्याला बाकीचे सांभाळून घेतात. तुझ्या बाजूला कोण होतं?"

मी म्हटलं, चहा ठेव.

माय, तुला एवढं सगळं सुचायचं, उलटे पाय सुचायचे, पोटातली विहीर सुचायची. मग आम्हा दोघांना एका राक्षसापुढे बसवावं हे काऊन नाही सुचलं? तो पोरगा तर आपल्या पायांनी उठून आला होता. आणि दोघांना नाही तर नाही, तू स्वतः तरी कधी माझ्या बाजूला येऊन बसायचंस. तू कायम राक्षसाच्या बाजूला बसलीस. मला तुझा राग येतो. एवढी म्हातारी झाले, माझे केस तुझ्यापेक्षा पांढरे झाले, तरी येतो.

हा कागद जाळावा तर घरात चूल नाही, आणि गॅसवर धरला तर सून ओरडेल. राहील इथेच गादीखाली. एकच गोष्ट राहिली. माझ्याबद्दल कुणी काही विचारलं की उत्तर तूच द्यायचीस, त्यामुळे मी ते कधी दिलंच नाही. आज देते.

मले नाई झेपलं, माय.