बिनखिळ्याची हडळ

देवपूर, धुळे
१२ जानेवारी १९७२

प्रिय सुनंदा,

आईंचा खोकला थांबला हे तुझ्या पत्रातून कळलं, बरं वाटलं. चोपड्याला थंडी फार आहे म्हणतेस, इकडेही तेच. मी मात्र मजेत आहे, इतकी की शेजारणी कारण विचारू लागल्या आहेत. कारण आमच्या शाळेचं गॅदरिंग.

मुलींनी यंदा हडळीच्या नाटकाचा हट्ट धरला आणि ते लिहायचं माझ्याकडे आलं. गोष्ट आपण लहानपणी ऐकलेलीच. पिंपळाखाली मोकळ्या केसांची देखणी बाई, वाटसरू भुलतात, ती त्यांचं रक्त पिते. शेवटी एक धीट गडी तिच्या डोक्यात खिळा ठोकतो आणि ती गरीब गाय होऊन त्याचा संसार करते. मी वर्गात विचारलं, एवढी भीती वाटते तर गोष्टीत ती देखणी कशाला? मुली लाजून हसल्या. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावची भुरी ही मुलगी एरवी तोंड उघडत नाही. ती म्हणाली, “बाई, आमना गावमा जिले नवरा नही नि वावर शे, तिलेच डाकीण म्हनतस.” म्हणजे नवरा नाही आणि नावावर शेत आहे, तीच डाकीण! मला आपलं अंगण आठवलं. तुझा दादा गेला तेव्हा गाव म्हणालं, हिनेच नवरा खाल्ला. दुःखाच्या भरात आईही म्हणाल्या. तू परकरातली पोर, पण सगळ्यांसमोर म्हणालीस, “वहिनीने नाही, टायफॉइडने नेलं दादाला.” तेवढ्या एका वाक्यावर मी पुढे शिकले, नोकरीला लागले.

हडळ व्हायला मात्र कोणी तयार होईना. मनातून प्रत्येकीला व्हायचं होतं, पण मग आमच्याशी लग्न कोण करेल, हा प्रश्न. शेवटी मीच उभी राहिले. लाल लुगडं, पायात चाळ, केस मोकळे. मुख्याध्यापिका म्हणाल्या, “पुष्पाबाई, लोक बोलतील.” मी म्हटलं, “त्यांचं बोलून झालंय.” धीट गडी म्हणून चित्रकलेचे जीवराम सर. बायको गेल्यापासून एकटेच राहतात, दिवसभरात चार शब्द बोलले तर खूप.

भर दुपारी मंडप गच्च भरला. मी आले आणि हसले. सुनंदा, इतक्या मोठ्याने मी कधी हसले होते ते मला आठवत नाही. पुढच्या रांगेतले पुरुष गंभीर झाले, नजर मात्र कोणी हलवेना. मागे बायका टाळ्या पिटत होत्या. शेवटी सर खिळा आणि हातोडा घेऊन आले. मी मान खाली घालून बसले. बराच वेळ काहीच होईना. सर विसरले असं वाटून मी हळूच त्यांचं वाक्य सांगितलं. तर त्यांनी खिळा खिशात टाकला आणि शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल असं म्हणाले, “खिळा ठोकून थांबवलेली बाई मला नको. राहायचं तर राहा, जायचं तर जा.” हे मी लिहिलंच नव्हतं. पडदा पाडणारी मुलगी दोरी धरून बघतच राहिली. तेवढ्यात मागून एक म्हातारी म्हणाली, “राही जाय वं माय!” सगळा मंडप हसला, मीही हसले, आणि नाटक तिथेच संपलं.

दुसऱ्या दिवशी सरांनी मला सांगितलं की ते वाक्य नाटकापुरतं नव्हतं. मी आठवडाभर विचार केला आणि हो म्हटलं. पुढच्या महिन्यात रजिस्टर लग्न करतोय. दादाची जागा दादाचीच राहील, ते सरांनाही ठाऊक आहे. आईंना पत्राने कळवणं बरं दिसत नाही, म्हणून रविवारच्या बसने मीच येते. त्या रागावतील, रडतील, तेव्हा तू घरी अस. आणि माझ्या बाजूने साक्षीदार म्हणून सही करायला माहेरचं कोणी येणार नाही, ती तू कर. हे विचारायला एवढं लांबलचक लिहिलं. लग्नानंतर मला काय हाक मारायची, हा प्रश्न तुला पडेल. माझं विचारशील तर जुनीच हाक बरी.

तुझीच,
वहिनी