बाबांचं झाडापुढचं गाणं

नेदरकोम, सॉमरसेट
४ जानेवारी १९०८

प्रिय सेलिना,

पाकिटावर माझं अक्षर बघून कोण गेलं म्हणून तू घाबरशील, तेव्हा आधीच सांगते की कोणीही गेलेलं नाही. माझे गुडघे सोडले तर मी धडधाकट आहे. माझ्या नवरोबाचा, इलायसचा, खोकला दरवर्षीप्रमाणे नाताळचा पाहुणा म्हणून आला आणि अजून हलायचं नाव घेत नाही. डुक्कर मारलं, मीठ लावून टांगलं, यंदा चरबी चांगली निघाली. गेल्या दहा-अकरा वर्षांत मी तुला चार पत्रं लिहिली आणि चारही एका पानात आटोपली. हे लांबणार आहे. चुलीत दोन ओंडके जास्तीचे घातलेत आणि इलायसला शेजारी पिटाळलंय.

तू पाठवलेला तो सायकलवाला गृहस्थ ऐन तोडणीत येऊन गेला. अंगणात सफरचंदांचे ढीग, मी गुडघाभर चिखलात, आणि हा लंडनचा माणूस फाटकाशी टोपी काढून उभा. म्हणाला, "मिसेस कॉटल का? मी जुनी गाणी लिहून घेतो. नांगरटीची, मे महिन्याची, सुगीची, नाताळची. तुमच्याकडे सफरचंदाच्या झाडापुढे म्हणायचं एक गाणं आहे असं कळलं." मी म्हटलं, "गाणं आहे, पण वेळ नाही. ती टोपली उचला, मग बोलू." बिचाऱ्याने उचलली. पुढे काय झालं ते सांगते, पण त्याआधी मला मागचं बोलायचं आहे. ते बोलल्याशिवाय हे पत्र पुढे सरकणार नाही.

सेलिना, मी तुझ्यावर आयुष्यभर जळले. तुला माहीत असेल, नसेल, पण एकदा माझ्या हाताने लिहिलेलं असू दे. मी सहा वर्षांची होईपर्यंत बाबांची मी एकटी होते आणि मला वाटायचं की मी गाते. मग तू आलीस. तू चार वर्षांची असताना बागेत काहीतरी गुणगुणत होतीस आणि बाबा शिडीवर हातातलं सफरचंद तसंच धरून ऐकत थांबले. त्यांना तसं थांबलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. माझं गाणं झालं की ते म्हणायचे, "छान. आता टोपली धर." आवाज माझाही वाईट नव्हता गं. सगळं गाव सांगेल. पण गावाच्या सांगण्याने माझं समाधान झालं असतं तर काय हवं होतं!

मे महिन्याच्या पहिल्या सकाळी दारोदार न्यायचा फुलांचा हार आठवतो ना? तो दरवर्षी मी बांधायची. पहाटे दवात भिजून, काट्यांनी बोटं फाडून घेऊन. मी सोळा वर्षांची होते तेव्हा पुढे उभं राहून गायचा मान माझा होता, कारण त्या वर्षी मुलींमध्ये मीच मोठी. तर चक्कीवाल्याची बायको दारात येऊन म्हणते कशी, "थर्झे, तू हार धर घट्ट, धाकटीला गाऊ दे." आणि तू गायलीस. दहा वर्षांची चिमुरडी, एक दात पडलेला. सायीचा केक तुला मिळाला. तू त्यातला अर्धा मला दिलास आणि मी तो कुंपणापलीकडे कोंबड्यांना टाकला. तुला वाटलं माझं पोट दुखतंय. दुखत होतंच म्हणा, फक्त कारण निराळं होतं.

आपल्याकडे गाण्याला धनी असतो हे त्या लंडनवाल्याला समजावून देता देता माझ्या नाकी नऊ आले. त्याला वाटायचं, गाव गातं. गाव कुठलं गातंय! सुगीच्या जेवणाला पेला उचलायचं गाणं जेथ्रोकाकाचं. तो तापाने पडला होता त्या वर्षी कोणीही ते गायलं नाही, सगळ्यांनी नुसती टेबलं बडवली आणि पुडिंग खाल्लं. आणि चर्चमागच्या घरात लग्न करून आलेला तो डेव्हनचा जावई, ज्याला काही ठाऊक नव्हतं, त्याने एकदा जेथ्रोकाकादेखत तेच गाणं उत्साहाने सुरू केलं. काकाने पेला खाली ठेवला, टोपी घातली आणि चालता झाला. दोन वर्षं त्या जावयाशी बोलला नाही. "माझ्या ताटातलं जेवला असता तरी चाललं असतं," म्हणायचा. धनी जिवंत असेतो दुसऱ्याने तोंड उघडायचं नाही, आणि धन्याने मरताना ज्याचं नाव घेतलं त्याचं ते गाणं. हे मी तुला कशाला सांगतेय? तू तर माझ्याहून जास्त पाळलंस.

झाडापुढचं गाणं बाबांचं होतं. सतरा जानेवारीला, ऊन कलल्यावर, सगळं गाव बागेतल्या सर्वांत जुन्या झाडाशी जमायचं. मुळांवर सफरचंदाचं आंबलेलं सायडर ओतायचं, त्यात बुडवलेला भाजका पाव फांदीत ठेवायचा, बंदुका उडायच्या, पोरं पातेली बडवायची, आणि मग एकदम शांतता होऊन बाबा टोपी काढायचे. इतर गावं झाडाकडे नुसतं मागतात. बाबांचं गाणं आधी माफी मागायचं, गेल्या साली आम्ही तुला ओरबाडलं त्याची, आणि मग मागायचं. ते गाताना बाबा कोणाकडेच बघायचे नाहीत.

तू ब्रिस्टलच्या गवंड्याशी लग्न करून गेलीस. मी इथे राहिले. बाबांची शेवटची चार वर्षं, त्यांचं अंग पुसणं, त्यांना भरवणं, रात्री-अपरात्रीचं ओरडणं, सगळं मी केलं, आणि तुझं पत्र आलं की तो माणूस उशीला टेकून बसायचा आणि मला म्हणायचा, "वाच. पुन्हा वाच. हळू वाच." तुझीच पत्रं मी त्यांना माझ्या आवाजात वाचून दाखवायची! तळपायाची आग मस्तकात जायची. तरी मी वाचायची, आणि एकही ओळ गाळायची नाही.

ते गेले तेव्हा बर्फाने गाड्या अडल्या होत्या. तू पोचलीस ती दोन दिवसांनी, मातीच्या सकाळी. माती देऊन आल्यावर याच स्वयंपाकघरात सगळे जेवायला बसले आणि जेथ्रोकाकाने विचारलं, "रूबेनचं गाणं कोणाला गेलं?" मी म्हटलं, "मला." तुझ्या हातात पावाचं ताट होतं. तू म्हणालीस, "बरं झालं थर्झा. तुझाच हक्क आहे. तूच केलंस त्यांचं." आणि ताट पुढे फिरवलंस. मी वाट बघत होते की तू रडशील, भांडशील, निदान तोंड वाकडं करशील. तू मला तेवढंही सुख दिलं नाहीस. संध्याकाळच्या गाडीने परत गेलीस आणि त्यानंतर एकाही जानेवारीत आली नाहीस.

दहा जानेवाऱ्या मी त्या झाडापुढे गायले. लोकांनी टोप्या काढल्या, झाडंही फळली. आणि दर वर्षी घरी परतताना कोणीतरी म्हणायचंच, "सेलिना काय करते गं हल्ली? गाते का?" पूर्ण दहा वर्षं! तीन वर्षांपूर्वी शेजारची टॅबिथा तुझ्याकडे राहून आली. सांगत होती, सेलिना आता अजिबात गात नाही, चर्चमध्ये नाही, भांडी घासतानासुद्धा नाही, नुसते ओठ हलवते. खरं सांगू? मला बरं वाटलं. त्या दिवशी मी टॅबिथाला जाताना हंडीभर मध दिला.

आता त्या गृहस्थाचं ऐक. टोपल्या आत आल्यावर तो याच टेबलाशी बसला, वही उघडली आणि हसत म्हणाला, "तुमच्या भगिनीकडे तीनदा गेलो. चहा दिला, केक दिला, गाणं काही दिलं नाही. म्हणाल्या, ते माझ्या बहिणीचं आहे, तिच्याकडे जा. मी म्हटलं, अहो, नेदरकोम इथून तीस मैल, इथे ऐकायला कोण आहे? तर म्हणाल्या, मी आहे ना." त्याला ती गंमत वाटत होती. मी उठून चुलीतली राख उगाच ढवळली.

मग मी गायले. चारही कडवी, न चुकता. त्याने भराभर लिहून घेतलं, एक ओळ पुन्हा म्हणायला लावली, मान डोलावली. शेवटी विचारलं, "हे तुम्हाला कोणाकडून मिळालं?" मी म्हटलं, "वडिलांकडून." "त्यांनी स्वतः दिलं?" "हो. शेवटच्या दिवशी." ते सगळं त्याने शाईने लिहिलं आणि माझ्या नावाची अक्षरं मला विचारून बरोबर मांडली. निघताना म्हणाला, तुमच्या बहिणीचा आवाज कसा आहे कोण जाणे. मी म्हटलं, माझ्यासारखाच. सायकल वळणापलीकडे जाईपर्यंत मी फाटकात उभी होते, आणि आत येऊन मी त्याचा पेला तीनदा धुतला.

नाताळानंतर त्याच्याकडून छापलेला कागद आला. तपासून, चूक असेल तर दुरुस्त करून पाठवा, म्हणतो. गाण्याखाली बारीक ठशात लिहिलं होतं: थर्झा कॉटल, नेदरकोम. वडील रूबेन व्हाउल्स यांनी मरणापूर्वी स्वतः दिलेले. आठ दिवस तो कागद पावाच्या डब्याखाली होता. पाव काढायला गेलं की तो दिसायचा. आणि सेलिना, चूक होती त्यात.

बाबा गेले त्या गुरुवारी दुपारी त्यांनी डोळे उघडले तेव्हा खोलीत मी एकटी होते. ते म्हणाले, "झाडाचं गाणं सेलिनाला. तिला सांग." मी म्हटलं, "हो बाबा." मग बराच वेळ माझ्याकडे बघून त्यांनी विचारलं, "तुला वाईट नाही ना वाटणार, थर्झा?" मी म्हटलं, "नाही." दोन वाक्यांत दोनदा खोटं बोलले मी त्यांच्याशी. पहिल्याचं मी तुला सांगितलं. पण मला रात्रंदिवस खातं ते दुसरं, कारण त्यांनी विचारलं होतं गं. त्यांना माहीत होतं. आज सकाळी मी छापील कागदावर माझं नाव खोडलं, तुझं लिहिलं, आणि तो इलायसच्या हातून टपालात टाकला. आता यातून मागे फिरता येणार नाही, म्हणून आधी ते केलं आणि मग तुला लिहायला बसले. सतरा तारखेला दुपारच्या गाडीने ये. इलायस गाडी जुंपून स्टेशनावर असेल. तू गाण्याआधी जेथ्रोकाकासमोर आणि सगळ्या गावासमोर काय ते मी सांगेन. तो दोन वर्षं बोलला नाही तर नाही. तू मला माफ कर असं मी म्हणत नाही, ते तुझं तू बघ. एवढंच मागते: इतक्या वर्षांनी तोंड उघडशील तेव्हा पहिलं कडवं तरी जरा घसा बसल्यासारखं गा. तुझं ते सगळं एकदम ऐकणं मला सोसायचं नाही.

तुझीच, अजूनही जळकी,
थर्झा